नासपती आणि विषय क्रमांक चार

आमच्या आवारातलं नासपतीचं झाड तोडून तिथे गाड्यांसाठी जागा करावी, असा ठराव वार्षिक सभेसाठी आला, याचं मला आश्चर्य वाटलं नाही. आश्चर्य वाटलं ते ठराव मांडणारे माझे वडील आहेत हे ऐकून. ते झाड त्यांनीच लावलेलं होतं, आणि ही गोष्ट विसरण्याची मुभा इमारतीने त्यांना कधी दिली नव्हती.

"बाबा, तुम्ही?" मी विचारलं.

बाबा चहात बिस्किट बुडवत होते. "कुणीतरी मांडणारच होतं," ते म्हणाले. "मग आपणच मांडावा. दुसऱ्याने आपलं काही तोडण्यापेक्षा ते बरं दिसतं."

"बरं दिसतं म्हणे," आई ओट्याजवळून म्हणाली. "इतकी वर्षं त्या झाडावरून टोमणे खाल्ले. त्यातला एखादा तरी गोड असता!"

बिस्किट तुटून चहात पडलं होतं आणि बाबा ते चमच्याने शोधत होते.

टोमण्यांविषयी थोडं सांगायला हवं. बाबा एके काळी सोसायटीचे सचिव होते. कुंपणाजवळ शोभेची झुडपं लावायचं ठरलं असताना त्यांनी आग्रहाने नासपती लावली. झाड वाढलं, फुललं, फळांनी लगडलं. फक्त ती फळं कुणाला खाता आली नाहीत. काही दगडासारखी कडक आणि तुरट निघत, आणि जी तशी नसत ती आतून तपकिरी लगदा झालेली असत. तेव्हापासून आमच्या इमारतीत कुठलीही निरुपयोगी वस्तू 'सचिवांची नासपती' म्हणून ओळखली जाते. लिफ्ट बंद पडली की तळमजल्यावरच्या काकू सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात, "झाली हिची सचिवांची नासपती. वर लोंबतेय, खाली येत नाही." बाबा त्या वेळी जिन्यात असले तर ते हसतात. मी ते हसणं पाहिलेलं आहे. दात काढून घेताना माणूस डॉक्टरांकडे बघून हसतो, त्या जातीचं ते असतं.

शिकायला बाहेर असल्यामुळे फळांच्या मोसमात मी नेमकी परीक्षेला बसलेली असे. या वर्षी मात्र मी घरी होते. माझ्याकडे पदव्युत्तर पदवी होती आणि नोकरी नव्हती. म्हणजे सामाजिक कार्यासाठी लागणाऱ्या दोन्ही पात्रता होत्या. माझा विषय 'काढणीपश्चात तंत्रज्ञान', म्हणजे फळ झाडावरून उतरवल्यावर त्याची प्रत कशी मोजायची आणि कशी टिकवायची याचं शास्त्र. हे मी इमारतीतल्या बहुतेकांना समजावून सांगितलं आहे. त्यावर तळमजल्यावरच्या काकूंनी विचारलं होतं, "फळ काढल्यावर आणखी काय शिकायचं असतं गं? खायचं!"

मी खाली जाऊन झाड पाहिलं. हाताला येतील तेवढ्या फांद्या रिकाम्या होत्या. शेंड्याकडची फळं मात्र जागच्या जागी होती. मी बराच वेळ उभी राहिले आणि मग हळूहळू सगळा प्रकार लक्षात आला. झाड सगळ्यांचं होतं. त्यामुळे प्रत्येकाला वाटे की आपण थांबलो तर दुसरा काढून नेईल, आणि मग प्रत्येकजण इतरांच्या आधी, म्हणजे फळ तयार होण्याच्या कितीतरी आधी, ते काढून नेई. ते कच्चंच खाऊन बघे आणि बाबांना नाव ठेवी. हाताला न येणारी फळं झाडावरच पिकत. आता नासपती हे असं विचित्र फळ आहे की झाडावर ठेवलं तर ते आतून बाहेर पिकतं. साल हिरवी दिसते तोवर गाभा कुजलेला असतो. ते पूर्ण वाढलेलं पण कडक असतानाच उतरवावं लागतं, काही काळ थंडीत ठेवावं लागतं आणि मग घरात पिकवावं लागतं. थोडक्यात, आमच्या इमारतीने ही नासपती आजवर एकतर फार लवकर खाल्ली होती किंवा फार उशिरा. झाडाचा दोष एवढाच, की ते रांग लावून घ्यायला शिकलेलं नव्हतं.

"बाबा, झाड चांगलं आहे," मी वर येऊन सांगितलं. "माणसं वाईट आहेत."

"हे सभेत बोलू नकोस," बाबा म्हणाले.

पण ते वर्तमानपत्राआडून माझ्याकडे बघत राहिले, आणि थोड्या वेळाने त्यांनी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "म्हणजे गोड होऊ शकतं?"

माणूस किती वर्षं एखादा प्रश्न मनात ठेवू शकतो, हे मोजायचं उपकरण आमच्या शास्त्रात नाही. मी म्हणाले, "सभेच्या आधी दाखवते."

इथपर्यंत सगळं सोपं होतं. मग परवानगीचा प्रश्न आला.

सोसायटीचे अध्यक्ष सगळी हयात कोर्टात कारकून होते आणि निवृत्त झाल्याची बातमी त्यांच्या भाषेपर्यंत पोचलेली नव्हती. मी त्यांना विनंती केली की या मोसमात कुणी कच्ची फळं काढू नयेत आणि मला काही फळं तपासू द्यावीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला.

"झाड सध्या विचाराधीन आहे," ते म्हणाले. "विचाराधीन वस्तूला हात लावता येत नाही."

"पण सगळेच लावतात, काका. रोज लावतात."

"ते विनापरवानगी लावतात. त्यांचं आपण काही करू शकत नाही. तू परवानगी मागितलीस, त्यामुळे तुझं करावं लागेल."

समितीची खास बैठक झाली. तिच्यात निम्मा वेळ झाड ही इमारतीची मालमत्ता आहे की इमारतीवरचा बोजा, यावर गेला. शेवटी मला परवानगी मिळाली, पण एका अटीवर: प्रत्येक चाचणीला समितीचा एक निःपक्षपाती प्रतिनिधी हजर राहील. निःपक्षपाती प्रतिनिधी म्हणून दुसऱ्या मजल्यावरच्या काकांची निवड झाली. या काकांकडे दोन गाड्या आहेत. त्या दोन्ही झाडाखाली उभ्या असतात आणि दरवर्षी पिकून कुजलेल्या नासपती नेमक्या त्यांच्यावर पडतात. 'सचिवांची नासपती' हा शब्दप्रयोग मुळात त्यांचाच.

"मला कुणाशी वैर नाही," पहिल्या चाचणीला खुर्ची घेऊन येत ते म्हणाले. बरोबर त्यांनी छत्रीही आणली होती. पाऊस नव्हता, पण त्या झाडाखाली ते छत्रीशिवाय बसतच नसत. "फक्त काच बदलावी लागली की माणूस थोडं बोलतो. तुझ्या बाबांनी मनाला लावून घेऊ नये."

मी दाबमापक काढलं. ते आमच्या प्रयोगशाळेच्या सरांकडून, जवळजवळ मुलगी सासरी पाठवताना देतात तशा सूचना ऐकून, मागून आणलं होतं.

"हे काय?"

"फळाची थोडी साल काढायची आणि हा दांडा आत दाबायचा. किती जोर लागला ते काटा सांगतो. जोर जसा कमी होत जाईल, तसं फळ काढणीला येतंय असं समजायचं."

"आणि ते फळ?"

"ते गेलं."

काकांनी छत्री मिटली. "म्हणजे फळ चांगलं आहे का ते बघायला त्याला भोसकायचं."

"प्रत्येकाला नाही, काका. हा नमुना आहे. थोड्यांवरून बाकीच्यांचं कळतं."

"नमुन्याला विचारलंस का?"

मी दांडा दाबला. तो आत गेला आणि रस उडून काकांच्या शर्टावर पडला. त्यांनी खिशातून रुमाल काढून डाग पुसला आणि एवढंच म्हणाले, "पडायचं ते माझ्यावरच."

तरी ते येत राहिले. पुढे पुढे तर काटा थांबायच्या आत ते आकडा सांगू लागले आणि चुकले की मापक नीट नाही म्हणू लागले. एकदा म्हणाले, "तू सगळी फळं उन्हाकडचीच घेतेस. सावलीकडच्यांना वाली कोण?" आक्षेप शास्त्रशुद्ध होता. तो ज्या माणसाने घेतला, त्यामुळे मला झोंबला. मी सावलीकडची फळंही घेतली आणि त्यांना सांगितलं की मी ती घेणारच होते.

दाबाबरोबर आणखी एक चाचणी असते. कच्च्या फळात पिष्ट, म्हणजे स्टार्च, असतं; पिकत जाईल तशी त्याची साखर होते. फळ आडवं कापून त्यावर आयोडिन लावलं की पिष्ट असेल तेवढा भाग काळानिळा पडतो आणि साखर झालेला भाग पांढरा राहतो. बघायला फार सुंदर दिसतं. मधोमध पांढरं फूल उमलल्यासारखं. दुर्दैवाने ते फूल उमलण्याआधीची चाचणी मी इमारतीच्या पायरीवर केली, आणि तळमजल्यावरच्या काकू दूध घेऊन त्याच वेळी आल्या. माझ्यासमोर कापलेल्या फळांची रांग होती आणि ती एकेक करून काळीठिक्कर पडत होती.

"अगं बाई," काकू म्हणाल्या. "हे आमच्या पोटात गेलंय?"

"काकू, हे फक्त पिष्ट आहे. बटाट्यालासुद्धा लावलं तरी असंच—"

"बटाट्यालासुद्धा?"

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत इमारतीत एवढंच पसरलं की झाडाला काहीतरी झालंय. दुसऱ्या दिवशी त्या काहीतरीचं विष झालं होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांना गेल्या मोसमातली पोटदुखी आठवली. एकाने बाबांना जिन्यात गाठून, अगदी आपुलकीने, "तुम्ही मुद्दाम नाही केलंत, हे आम्हाला माहीत आहे," असं सांगितलं. बाबा वर आले आणि बूट न काढता तसेच खुर्चीवर बसले.

"तुरट होतं तेव्हा बरं होतं गं," ते म्हणाले.

मला पहिल्यांदाच भीती वाटली. आतापर्यंत झाडाची फक्त बदनामी होती. माझ्या मदतीने त्याच्यावर गुन्हा दाखल झाला होता.

एक गोष्ट मात्र नाकारता येत नाही. त्या अफवेनंतर एकही फळ चोरीला गेलं नाही. कुंपण, नोटीस, विनंती, अध्यक्षांची सही, यांपैकी कशानेही जे साधलं नसतं ते काकूंच्या जिभेने दोन जिन्यांत साधलं. झाडावर फळं टिकून राहिली, फुगली, हिरवा रंग थोडा फिका पडला. आमच्या इमारतीच्या इतिहासात नासपतीला पूर्ण वाढून वेळेवर उतरण्याची संधी प्रथमच मिळत होती.

मग नगरपालिकेचे निरीक्षक आले. तक्रार कुणी केली ते कळलं नाही. तळमजल्यावरच्या काकूंनी त्यांच्यासाठी चहा तयारच ठेवला होता, एवढं मी पाहिलं. निरीक्षकांनी झाडाभोवती फेरी मारली, माझी आयोडिनची बाटली हुंगली, माझी पदवी विचारली आणि ती ऐकून, "असंही असतं का?" म्हणाले.

"नमुने न्यावे लागतील," ते म्हणाले.

"न्या ना. दोन पुरतील."

"आमच्याकडे पद्धत वेगळी आहे."

त्यांच्या पद्धतीत कापडी पिशवी होती. त्यांनी शिडी मागवली आणि उन्हाकडच्या बाजूची, मोठी, डाग नसलेली फळं इतक्या अचूक नजरेने निवडली की मला आमच्या सरांची आठवण झाली. दोन गाड्यांचे काका प्रतिनिधी म्हणून हजर होतेच. ते माझ्या कानाशी म्हणाले, "सावलीकडच्यांना इथेही वाली नाही." अहवाल अजून यायचा आहे.

काट्याचा आकडा हवा तितका उतरल्यावर राहिलेल्या फळांची काढणी मी आणि बाबांनी एका सकाळी केली. नासपती ओढायची नसते. फळ तळहातावर घेऊन आडवं उचलायचं. तयार असेल तर देठ आपोआप सुटतो, नसेल तर सुटत नाही. बाबा शिडीवर चढले आणि प्रत्येक नासपती उचलताना हळूच, "येतेस?" असं विचारू लागले. सुटली तर माझ्याकडे देत. नाही सुटली तर, "राहू दे, हिचं अजून व्हायचंय," म्हणत. मला वाटलं, ही पद्धत एखाद्या पुस्तकात घालता येईल. खाली काका प्रतिनिधी म्हणून छत्री उघडून उभे होते.

"एकही पडली नाही," काढणी संपल्यावर ते थोड्या निराशेने म्हणाले.

आता थंडीचा प्रश्न होता. फळांना शीतगृह हवं आणि आमच्याकडे एक फ्रिज, ज्याचं दार आधीच गुडघ्याने लावावं लागतं.

"खालचा कप्पा देते," आई म्हणाली. "त्याच्यावर मागू नकोस. दूध काय तुझ्या डोक्यावर ठेवू?"

तेव्हा मी ती चूक केली, जी फक्त सुशिक्षित माणूस करू शकतो: मी लोकांना सहभागी करून घ्यायचं ठरवलं. विष नाही हे सिद्ध करायला मी काकांच्या देखत एक कच्ची फोड खाऊन दाखवली आणि मग घरोघरी जाऊन थोडी थोडी फळं फ्रिजमध्ये ठेवायला दिली. सूचना तीनच होत्या. धुवायची नाहीत, दाबायची नाहीत, खालच्या कप्प्यात ठेवायची. सगळ्यांनी ऐकून घेतलं. सगळ्यांनी मान डोलावली. बाबांच्या झाडासाठी सगळी इमारत एकत्र आली, असं मी त्या दिवशी आईला सांगितलंसुद्धा. आई फक्त "हो का," म्हणाली.

फळं परत घ्यायला गेले तेव्हाची हकीकत अशी. वरच्या मजल्यावर ती जास्त थंड राहावीत म्हणून बर्फाच्या कप्प्यात ठेवलेली होती. बाहेर काढताच ती डोळ्यांदेखत पाणी होऊन बसली. शेजारी ती चिरलेल्या कांद्याच्या डब्यावर ठेवली होती आणि आता नासपतीच्या आकाराचा कांदा झाली होती. एका घरात ती साबणाने धुऊन, पुसून, दिवाणखान्यात काचेच्या भांड्यात मांडली होती. "किती छान दिसतात! पाहुण्यांना खरी वाटतात," त्या घरच्या बाई म्हणाल्या. तिसऱ्या मजल्यावरून निम्मीच परत आली, आणि उरलेल्या निम्म्यांविषयी विचारल्यावर त्या गृहस्थांनी मलाच विचारलं, "दिली किती होतीस, नक्की आठवतंय?"

पण खरं नुकसान केलं अंगठ्याने. तळमजल्यावरच्या काकूंनी सूचना शब्दशः पाळल्या होत्या: धुतली नव्हती, खालच्या कप्प्यातच होती. फक्त रोज सकाळी दूध काढताना त्या प्रत्येक नासपती अंगठ्याने दाबून बघत. घरातले बाकीचेही येता-जाता बघत. प्रत्येक फळावर तपकिरी अंगठे उमटले होते, लहान-मोठे, सगळ्या कुटुंबाचे.

"काकू, दाबू नका म्हटलं होतं ना?"

"दाबलं कुठे? बघितलं फक्त." मग त्यांनी माझ्या हातातलं दाबमापक पाहिलं. "आणि तू काय करतेस त्याने? तू दाबलंस की शास्त्र, आणि आम्ही दाबलं की डाग?"

मी फळं घेऊन जिना चढले. माझा आणि काकूंचा हेतू एकच होता, फळ ठीक आहे ना ते कळावं. आणि दोघींनी मिळून ते ठीक राहू दिलं नव्हतं.

उरली ती आमच्या खालच्या कप्प्यातली. एका लहानशा खोक्यात मावतील एवढी. मी खोक्यात कागद घातला, फळं एकमेकांना लागणार नाहीत अशी मांडली आणि मधे दोन पिकलेली केळी ठेवली.

"केळ्याचं काय काम?" आईने विचारलं.

"केळं पिकताना एक वायू सोडतं. तो लागला की बाकीच्यांनाही पिकावंसं वाटतं."

"म्हणजे आपल्या इमारतीसारखं," आई म्हणाली. "एकाने गाडी घेतली की सगळ्यांना घ्यावीशी वाटते."

खोकं बाबांच्या पलंगाखाली गेलं. सभा जवळ येत होती. बाबा रोज सकाळी वाकून खोक्याकडे बघत, पण झाकण उघडत नसत. मीच उघडत असे. हिरव्याचा पिवळा होऊ लागला होता. खोलीत मंद वास येऊ लागला होता. आणि माझी अवस्था कठीण झाली होती, कारण माझ्या सगळ्या शिक्षणाने मला एकच गोष्ट शिकवली होती: रंग आणि वास फसवतात, आकडा फसवत नाही. आकडा हवा तर एक फळ भोसकायला हवं. फळं इतकीच होती की सभेत माणशी जेमतेम एक फोड आली असती. एक जरी मोजायला घेतलं, तर काहींच्या हातात फोड आली नसती, आणि ते काही म्हणजे नेमके विरोधातले निघाले असते, कारण ते नेहमी शेवटच्या रांगेत बसतात.

मी दाबमापक घेऊन पलंगाशी बसले होते. बाबा दारात उभे राहिले.

"खात्री करून घ्यायची आहे?"

"हो."

"आणि खात्री झाली की उरेल का?"

मी दाबमापक पिशवीत ठेवून दिलं. आतून ती तपकिरी असतील तर सगळ्या इमारतीसमोर बाबांच्या झाडाचा निकाल मीच लावणार होते, माझ्या हाताने, सुरीने. शिकल्यापासून पहिल्यांदाच मी न मोजलेलं काहीतरी लोकांना द्यायला निघाले होते, आणि शास्त्रज्ञ म्हणून मला त्याची लाज वाटत होती.

सभा तळमजल्यावर, गाड्या बाहेर काढून केलेल्या मोकळ्या जागेत झाली. पाण्याची टाकी झाली, लिफ्ट झाली, जिन्यातले दिवे झाले. अध्यक्षांनी चष्मा पुसला. "विषय क्रमांक चार. झाड. सूचकांनी बाजू मांडावी."

बाबा उभे राहिले. सूचक म्हणून त्यांना झाड तोडण्याच्या बाजूने बोलायचं होतं, आणि ते प्रामाणिकपणे बोलले. झाडामुळे काचा फुटल्या. फळं खाता आली नाहीत. जागा अडली. मधे अफवाही उठली. "जो काही त्रास झाला," ते म्हणाले, "तो मी लावल्यामुळे झाला. झाडाने स्वतःहून काही केलं नाही." शेवटच्या रांगेत कुणीतरी हसलं. बाबाही हसले, ते नेहमीचं. मग म्हणाले, "मत देण्याआधी सगळ्यांनी एक फोड खावी, अशी माझी विनंती आहे."

"सभेत खाद्यपदार्थ?" अध्यक्ष म्हणाले. "चहा सोडून?"

"पुरावा म्हणून," दोन गाड्यांचे काका आपल्या खुर्चीवरून म्हणाले. "मी प्रतिनिधी आहे. पुरावा माझ्यासमोर गोळा झालाय."

अध्यक्षांना 'पुरावा' या शब्दापुढे इलाज नव्हता.

मी पहिली नासपती हातात घेतली आणि सुरी लावली. सुरी आवाज न करता आत गेली. फळ उघडलं. आत पांढरं होतं, देठापासून बुडापर्यंत, आणि माझ्या मनगटावरून रस वाहत कोपरापर्यंत आला. मी पुढचं कापलं, मग त्याच्या पुढचं. फोडी सारख्या झाल्या नाहीत. याची नोंद इथे करून ठेवते. आई ताट घेऊन रांगांमधून फिरली.

लोकांनी फोडी घेतल्या त्या एकमेकांकडे डोळे मिचकावत. तळमजल्यावरच्या काकूंनी आधी अंगठ्याने दाबून पाहिली. मग सगळ्यांनी ती तोंडात घातली, आणि आमच्या सोसायटीच्या सभेत मी कधीही न ऐकलेली गोष्ट ऐकली. कुणीच बोलत नव्हतं. कुणी डोळे मिटले होते. एकजण बोटं चाटत होता आणि आपण ते करतोय हे त्याच्या लक्षात नव्हतं. काकूंनी पदराने हनुवटी पुसली आणि त्या कुणाकडेही न बघता झाडाच्या दिशेने बघू लागल्या.

"ही आपली?" शेवटच्या रांगेतून कुणीतरी विचारलं.

बाबा अजून उभेच होते. त्यांची फोड त्यांच्या हातात तशीच होती. "अध्यक्ष महाराज," ते म्हणाले, "मी ठराव मागे घेतो."

अध्यक्षांनी तोंडातलं संपवलं. त्यांना वेळ लागला. "असं मागे घेता येत नाही," ते म्हणाले. "पटलावर आलेला विषय मागे घ्यायचा तर अनुमोदक हवा. आहे का कुणी?"

दोन गाड्यांच्या काकांचा हात वर गेला. त्यांचे दोन्ही गाल भरलेले होते.

"हात चालणार नाही," अध्यक्ष म्हणाले. "अनुमोदन तोंडी लागतं."

काकांनी मान हलवली आणि दुसऱ्या हाताने थांबा अशी खूण केली. सगळी सभा थांबली. ते सावकाश चावत होते. गिळून टाकायची त्यांना अजिबात घाई नव्हती आणि त्यांना घाई करावी असं कुणालाही वाटलं नाही. शेवटी त्यांनी गिळलं, रुमालाने ओठ टिपले आणि ते उभे राहिले.

"अनुमोदन," ते म्हणाले. मग बाबांकडे बघून, बऱ्याच खालच्या आवाजात, "एखादी फोड उरली असेल तर—"

आईने ताट तिरपं करून दाखवलं. त्यात नुसता रस होता. सगळ्या नजरा वळल्या त्या बाबांच्या हातातल्या फोडीवर. मी माझ्या वडिलांना ओळखते. त्यांनी बसमधली जागा, वर्तमानपत्राचं पहिलं पान, लिफ्टमधली पाळी, असं सगळं आयुष्यभर दुसऱ्याला दिलेलं आहे, आणि दर वेळी वर हसूनही दाखवलेलं आहे.

बाबांनी काकांकडे पाहिलं, मग फोडीकडे. आणि ती तोंडात घातली.

"मग ठराव मागे घेतला, असं नोंदवू ना?" अध्यक्षांनी विचारलं.

बाबांनी डोळे मिटलेले होते. त्यांनी न हसता एक हात वर केला, थांबा म्हणून, आणि सभा पुन्हा थांबली.